दोरी-मण्यांचं ब्रेसलेट: न पिळणारं, न उसवणारं, मनगटाला नीट बसणारं

गाठींत मणी गुंफलेलं ब्रेसलेट हातात घेऊन पाहिलं की वाटतं, यात काय आहे! म्हणून बहुतेक जण थेट दोरी कापायला बसतात. मग पट्टी अर्ध्यावर येते आणि दोरी संपते, मणी दोन पदरांवर चढत नाही, सपाट हवी ती पट्टी जिन्यासारखी पिळत जाते. इतकं सगळं निभावून नेलं तर शेवटची सरकती गाठ सरकतच नाही. शिकवताना मला या चारच तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. यातल्या पहिल्या दोन पहिली गाठ मारण्याआधीच ठरून गेलेल्या असतात. तिसरीही तयारीतच टाळता येते. त्यामुळे या लेखाचा जवळजवळ निम्मा भाग तयारीचा आहे. तो गाळून थेट गाठींवर उडी मारायची असेल तर मारा, पण दोरी जास्तीची आणून ठेवा.

आपण करणार आहोत ते ब्रेसलेट असं: मधे दोन उभ्या दोऱ्या, त्यांच्यावर सात मणी, दोन्ही बाजूंनी चौकोनी गाठींची वीण आणि मागे सरकती गाठ. दुकानात हेच ‘शंबाला’ म्हणून मिळतं. चौकोनी गाठ एकदा हातात बसली की राखी, पैंजण, चष्म्याची दोरी हे सगळं त्याच गाठीतून होतं. म्हणून पहिल्या वेळी दुसरी कुठलीही गाठ शिकू नका.

१. दोरी निवडणं

पहिल्या ब्रेसलेटसाठी १ मि.मी. जाडीची, गोल विणीची नायलॉन किंवा पॉलिस्टर दोरी घ्या. मेण लावलेली असेल तर उत्तमच. मेणामुळे गाठ मारल्या जागी थांबते, हात सुटला तरी ढिली होत नाही.

काय घेऊ नये, तेही सांगते. चकचकीत साटीन दोरी दिसते सुंदर, पण ती गुळगुळीत असते आणि कापल्याबरोबर टोकाला पिंजारते. शिकणाऱ्याच्या हातात ती गाठ धरत नाही. भिंतीवरच्या शोभेच्या विणकामाची ३-४ मि.मी. सुती दोरी इथे निरुपयोगी आहे. इलॅस्टिकची दोरीही नको, तिच्यावर गाठींचा ताण सारखा राहत नाही.

दुकानदार ‘नायलॉनच आहे’ असं म्हणतो, पण त्यावर विसंबू नका. घरी येऊन तीन-चार सें.मी. तुकडा कापा, चिमट्यात धरा आणि बेसिनवर लायटरने टोक पेटवून पाहा. टोक आक्रसून वितळलं आणि त्याचा कडक गोळा झाला तर दोरी नायलॉन किंवा पॉलिस्टर. कागदासारखी जळून राख झाली तर सुती. हे आधी कळायला हवं, कारण शेवटी टोकं बंद करण्याची पद्धत यावरच ठरते. सुती दोरी वितळत नाही. तिची टोकं ज्योतीने बंद करायला गेलात तर सगळी मेहनत काळी पडेल.

आता रंग. इथे माझा आग्रह आहे: पहिल्या ब्रेसलेटला तीन रंगांच्या दोऱ्या घ्या. मधल्या दोन दोऱ्या काळ्या, विणीची एक लाल आणि एक पांढरी. रंग तुमच्या आवडीचे घेतलेत तरी चालेल, फक्त तिन्ही वेगळे हवेत. एकाच रंगात केलेलं ब्रेसलेट जास्त देखणं दिसतं हे कबूल. पण एकाच रंगात चूक कुठे झाली ते दिसत नाही, आणि तीन रंगांत ती त्याच क्षणी दिसते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांत मी याच रंगांची नावं वापरली आहेत.

२. मणी: दोरी खिशात घेऊनच दुकानात जा

मण्याचा आकार सगळे बघतात, भोक कुणी बघत नाही. आपल्या ब्रेसलेटमधे मण्यातून दोन दोऱ्या जातात. १ मि.मी.च्या दोन दोऱ्यांना साधारण २ मि.मी. भोक लागतं. ८ मि.मी.च्या लाकडी मण्यांना बहुधा एवढं भोक असतं. त्याच आकाराच्या दगडी मण्यांना, म्हणजे अकीक, टायगर आय वगैरेंना, बऱ्याचदा १ मि.मी.च्या आसपास असतं. त्यातून एकच दोरी जेमतेम जाते. म्हणून पहिल्यांदा ८ मि.मी.चे लाकडी मणी घ्या.

पुण्यात बोहरी आळी किंवा तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर, अशा ठिकाणी मणी माळेने किंवा वजनावर मिळतात. जाताना दोरीचा वीतभर तुकडा सोबत न्या. तो दुमडून दुहेरी करा आणि दुमडलेलं टोक मण्यातून जातं का ते तिथेच बघा.

तपासा: एका मण्यावरून माळ घेऊ नका. एकाच माळेतल्या मण्यांची भोकं कमीजास्त असतात. पट्टीला सात आणि शेवटी मागच्या टोकांना दोन असे नऊ लागणार, म्हणून दहा-बारा घ्या.

काचेचे किंवा धातूचे मणी घेतलेत तर भोकाची कड बघा. मण्यातून साधा शिवणाचा दोरा ओवा आणि दहा-बारा वेळा मागेपुढे ओढा. दोरा पिसारला किंवा तुटला तर ती कड तुमची दोरीही हळूहळू कापणार, तो मणी बाजूला ठेवा. रंगवलेले लाकडी मणी ओल्या पांढऱ्या रुमालावर घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर घामाने मनगटालाही लागणार. लाकडी मण्याचं भोक किंचित लहान असेल तर पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून आतून फिरवा. काचेच्या मण्याच्या बाबतीत हा उद्योग करू नका, तो तडकतो.

सावधान: बाळाच्या मनगट्या या पद्धतीने करू नका. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात सुटा होऊ शकेल असा मणी आणि लोंबती दोरी, दोन्ही धोक्याचे.

३. माप आणि हिशोब

मनगटाभोवती दोरी गुंडाळा, ना सैल ना आवळून, आणि ती पट्टीवर मोजा. आता अंगठा तळव्यात दुमडून पंजाच्या सगळ्यात रुंद भागाचा घेरही मोजा. हे दुसरं माप जवळजवळ सगळे विसरतात. ब्रेसलेट उघडून हातातून आत जायला हवं की नको?

मनगट १५ सें.मी. धरून हिशोब करू. गाठी-मण्यांची सजलेली पट्टी मनगटापेक्षा साधारण ३ सें.मी. लहान ठेवायची, म्हणजे १२ सें.मी. उरलेल्या जागेत मागची सरकती गाठ बसते.

सात मणी, प्रत्येकी ८ मि.मी.: ५.६ सें.मी.
मण्यांच्या मधे सहा गाठी, प्रत्येकी सुमारे ३ मि.मी.: १.८ सें.मी.
दोन्ही बाजूंना आठ-आठ गाठी: ४.८ सें.मी.
एकूण: १२.२ सें.मी.

मनगट १६ सें.मी. असेल तर एक मणी आणि एक गाठ वाढवा, एखाद्या मि.मी.च्या फरकाने माप जुळतं. फक्त मण्यांची संख्या मग सम होते आणि नेमका मधला मणी राहत नाही. मधे वेगळ्या रंगाचा मणी हवा असेल तर मणी सातच ठेवा आणि बाजूच्या गाठी एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला दोन अशा सारख्या वाढवा.

आता दोरी किती कापायची? विणीची प्रत्येक दोरी तयार पट्टीच्या साडेचार ते पाच पट खर्च होते. त्यात सुरुवातीला सोडायचं टोक आणि शेवटी हातात धरायला लागणारी लांबी धरा. म्हणून:

काळी: ५० सें.मी.च्या दोन
लाल: ९० सें.मी.ची एक
पांढरी: ९० सें.मी.ची एक
सरकत्या गाठीसाठी: ४० सें.मी.ची एक, कुठल्याही रंगाची

दोरी वाया जाऊ नये म्हणून काटकसर करण्याची ही जागा नाही. चार सें.मी. वाचवायला जाल आणि शेवटच्या तीन गाठींना दोरी बोटांत धरता येणार नाही.

टोकं ओवण्यासाठी तयार करा. नायलॉन असेल तर कात्रीने तिरकं कापा, ज्योतीजवळ एक क्षण धरा आणि चिमट्याने दाबून टोकदार करा. सुती असेल तर दोन सें.मी.पर्यंत नेलपॉलिश लावा, पूर्ण वाळू द्या आणि मग तिरकं कापा. ओलं असतानाच कापलं तर टोक परत पिंजारतं.

४. दहा गाठींचा नमुना

चांगल्या दोऱ्यांना हात लावण्याआधी उरलेल्या तुकड्यांवर दहा गाठी मारून बघा. परीक्षेला नेतात ते क्लिपचं पॅड यासाठी सगळ्यात सोयीचं. मधल्या दोन दोऱ्या वरच्या क्लिपमधे अडकवा, खालची टोकं ताणून दुसऱ्या क्लिपने पॅडच्या खालच्या कडेला पकडा. मधल्या दोऱ्या ताठ हव्यात.

लाल दोरी डावीकडे, पांढरी उजवीकडे.

पहिली अर्धी गाठ
क. लाल दोरी काळ्या दोऱ्यांच्या वरून उजवीकडे न्या. डावीकडे लालचा मोकळा फास राहील.
ख. पांढरी दोरी लालच्या टोकावरून खाली आणा, काळ्यांच्या खालून डावीकडे न्या आणि लालच्या फासातून खालून वर काढा.
ग. दोन्ही दोऱ्या एकाच वेळी, सारख्या जोराने दोन बाजूंना ओढा.

आता लाल उजवीकडे गेली, पांढरी डावीकडे आली.

दुसरी अर्धी गाठ
क. लाल दोरी काळ्यांच्या वरून डावीकडे न्या. या वेळी फास उजवीकडे राहील.
ख. पांढरी लालच्या टोकावरून, काळ्यांच्या खालून उजवीकडे न्या आणि फासातून वर काढा.
ग. सारख्या जोराने ओढा.

लाल पुन्हा डावीकडे, पांढरी उजवीकडे. एक चौकोनी गाठ पूर्ण झाली.

यातलं लक्षात ठेवायचं ते एवढंच: लाल नेहमी काळ्यांच्या वरून जाते, पांढरी नेहमी खालून. डावं-उजवं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. पट्टी पिळते तेव्हा नेमकं काय झालेलं असतं? ‘डावीकडची दोरी वरून’ असं मनात धरून माणूस दर वेळी डावीकडून सुरुवात करतो. एका वेळी लाल वरून जाते, पुढच्या वेळी पांढरी. अशा अर्ध्या गाठींची ओळ हमखास पिळत जाते. पीळ हवा असेल तेव्हा ती मुद्दाम अशीच विणतात, पण आज आपल्याला सपाट पट्टी हवी आहे.

तपासा: समोरून पाहिल्यावर मधे फक्त लाल आडवे टाके दिसायला हवेत, आणि पांढरी फक्त कडेला लहान उंचवट्यांत. पट्टी उलटी केली की मधे पांढरे टाके. समोर मधोमध पांढरा टाका दिसला की चूक तिथे आहे. तिथपर्यंत उसवा.

उसवण्यासाठी बोथट टोकाची जाड सुई कडेच्या पांढऱ्या उंचवट्याखाली घाला आणि तो सैल करा. मग पांढरी फासातून मागे काढा, लाल मोकळी करा. नखांनी ओढत बसलात तर दोरी पिसारते.

दहा गाठी झाल्या की लांबी मोजा. ३ सें.मी.च्या आसपास आली तर वरचा हिशोब तुम्हाला लागू. साडेतीन आली तर तुमचा हात सैल आहे. त्यात वाईट काही नाही, पण मग बाजूच्या गाठी आठऐवजी सात धरा. हाताचा ताण प्रत्येकाचा वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाठींचा आकडा डोळे मिटून घेऊ नये. याच नमुन्यावर आणखी एक गोष्ट कळते: पट्टीची एक कड जाड आणि दुसरी बारीक झाली असेल तर तुम्ही एकाच हाताने ओढताय.

५. पॅडवर मांडणी

काळ्या दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी ठेवून एका टोकापासून १९ सें.मी.वर पेनाने बारीक खूण करा. वीण इथून सुरू होणार. खुणेच्या दोन सें.मी. वर क्लिप लावा. वरचा भाग पॅडच्या मागे सोडून द्या, तो पुढे सरकत्या गाठीसाठी लागणार आहे.

आता दोन्ही काळ्या दोऱ्यांवर सातही मणी ओवा, खाली सरकवा आणि मगच खालची क्लिप लावा. मणी आधी ओवण्याचं कारण साधं आहे. एखादा मणी दोन दोऱ्यांवर चढत नसेल तर ते आत्ता कळतं, आठ गाठी मारून झाल्यावर नाही. ओवताना दोन्ही दोऱ्या मण्यात समांतर जाऊ द्या. आत एकमेकींना पीळ बसला तर मणी तिरका बसतो, आणि नंतर कितीही ढकललात तरी सरळ होत नाही.

तपासा: खुणेपासून खालच्या टोकापर्यंत दोन्ही काळ्या दोऱ्या सारख्या लांब आहेत ना?

६. पहिल्या आठ गाठी

लाल आणि पांढरी, दोन्हींचं १० सें.मी. टोक वर सोडून खुणेवर पहिली चौकोनी गाठ मारा. पहिली गाठ डगमगते, ते साहजिक आहे. वर सोडलेली टोकं डाव्या हाताच्या बोटांत किंवा सेलोटेपने धरून ठेवा. दुसरी गाठ बसली की पहिलीही जागेवर थांबते.

प्रत्येक गाठ ओढताना दोऱ्या आडव्या ओढा. खाली ओढल्या की गाठींमधे फटी पडतात. फट पडलीच तर काळ्या दोऱ्या एका हाताने ताठ धरून दुसऱ्या हाताच्या नखाने गाठ वर सरकवा. हे लगेच करायचं, चार गाठी पुढे गेल्यावर नाही.

काळ्या दोऱ्या मधेच ढिल्या होऊ देऊ नका. खालची क्लिप सरकली आणि ते लक्षात आलं नाही तर पट्टीला लाटा येतात. बऱ्याच जणांना वाटतं की आपली गाठच चुकते आहे. खरं कारण ही क्लिप असते.

आठ गाठी झाल्या की पट्टी मोजा. २.४ सें.मी.च्या आसपास असेल तर पुढे चला.

७. मणी आणि त्यामधली गाठ

पहिला मणी आठव्या गाठीला टेकेपर्यंत वर सरकवा. लाल दोरी मण्याच्या डाव्या बाजूने, पांढरी उजव्या बाजूने खाली आणा. मण्याखाली एक पूर्ण चौकोनी गाठ मारा.

इथला ताण बाजूच्या गाठींपेक्षा वेगळा असतो, हे कुणी सांगत नाही. पहिली अर्धी गाठ मारताना जोरात ओढलंत तर दोरी मण्याच्या गोलाईवरून घसरून वर किंवा मागे जाते. म्हणून पहिली अर्धी गाठ हलकी ओढा, दोन्ही दोऱ्या मण्याच्या कडेला नीट टेकवा, गाठ मण्यापर्यंत वर सरकवा आणि दुसऱ्या अर्ध्या गाठीने आवळा. दोरी मण्याच्या अंगावर टेकलेली हवी, पण रुतलेली नको.

मग दुसरा मणी, एक गाठ, तिसरा मणी, असं सात मणी होईपर्यंत.

सावधान: दोन मण्यांमधे अर्ध्या गाठीवर थांबू नका. फोन आला, कुणी हाक मारली तर आधी गाठ पूर्ण करा. परत आल्यावर पाहा: लाल डावीकडे असेल तर गाठ पूर्ण आहे, उजवीकडे असेल तर अर्धी राहिली आहे.

तीन मणी झाले की पॅड सरळ समोर धरून पाहा. प्रत्येक मण्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूची कमान सारखी दिसायला हवी. एका बाजूची कमान फुगली असेल तर त्या दोरीवरचा ताण कमी पडला आहे. शेवटी दुरुस्त करू असं म्हणू नका, इथून मागे जाऊन काही दुरुस्त होत नाही, नंतरचं सगळं उसवावं लागतं.

सातव्या मण्यानंतर उरलेल्या आठ गाठी मारा. शेवटच्या दोन किंचित जास्त घट्ट.

८. हातावर माप, मग टोकं

कात्री हातात घेण्याआधी पट्टी पॅडवरून काढा आणि मनगटावर धरा. दोन टोकांमधे ३ सें.मी.च्या आसपास फट राहायला हवी. जास्त असेल तर अजून गाठी मारता येतात, दोरी अजून शाबूत आहे. म्हणूनच हा क्रम महत्त्वाचा.

माप जमलं की पट्टी उलटी करा. लाल-पांढरी अशी चार टोकं दिसतील, दोन वरच्या आणि दोन खालच्या बाजूला. ती कापायची आहेत, काळी नाही. हे सांगायची गरज वाटत नसेल, पण सगळ्या दोऱ्या एकाच रंगाच्या असतील तर मधलीच दोरी कापली जाते आणि ब्रेसलेट तिथेच संपतं. पुढे एकरंगी कराल तेव्हा कापण्याआधी मधल्या दोऱ्यांच्या टोकांना सुरगाठ मारून ठेवा.

नायलॉन किंवा पॉलिस्टर असेल तर टोक २-३ मि.मी. ठेवून कापा. लायटरच्या ज्योतीची निळी कड टोकाजवळ आणा, ज्योत दोरीला लावू नका. टोक आक्रसून वितळायला लागलं की लगेच चमच्याच्या पाठीने मागच्या गाठीवर दाबा. ज्योतीचा पिवळा भाग लागला तर पांढऱ्या दोरीवर काजळी बसते आणि ती निघत नाही.

सावधान: वितळलेलं नायलॉन बोटाने दाबू नका, ते कातडीला चिकटतं. चिकटलंच तर ओरबाडून काढू नका. चटका बसलेली जागा २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरा, आणि फोड मोठा असेल तर डॉक्टरांना दाखवा. हे काम पंख्याखाली, पडद्याजवळ किंवा ओढणी लोंबती ठेवून करू नये. मुलं सोबत शिकत असतील तर ही पायरी मोठ्यांनीच करायची.

दोरी सुती असेल तर मोठ्या नेढ्याच्या सुईने टोक मागच्या बाजूने तीन गाठींखालून ओवून घ्या, कापडाच्या गोंदाचा एक थेंब लावा, वाळल्यावर जवळून कापा. फेविक्विकसारखा झटपट चिकटणारा गोंद वापरणार असाल तर सुईच्या टोकावर घेऊन लावा. बाटलीतून थेट लावला की तो दोरीत पसरतो, ती जागा काडीसारखी कडक होते आणि भोवती पांढुरका थर धरतो.

९. सरकती गाठ

इथवर आलेलं ब्रेसलेट इथे बिघडतं, म्हणून ही पायरी घाईत करू नका.

पट्टीचा गोल करा. डावीकडच्या काळ्या दोऱ्या उजवीकडे आणि उजवीकडच्या डावीकडे अशा एकमेकींशेजारी समांतर ठेवा. चारही दोऱ्या सपाट, एकमेकींवर न चढलेल्या. साध्या शिवणदोऱ्याने त्या दोन ठिकाणी बांधून टाका, मधे ३ सें.मी. जागा सोडून. ही तात्पुरती बांधणी टाळली की दोऱ्या हातात फिरत राहतात आणि गाठ वाकडी बसते.

४० सें.मी.ची दोरी घ्या. तिचा मध्य चारही काळ्या दोऱ्यांच्या खाली ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना २० सें.मी. येईल. आता या चार दोऱ्या ‘मधल्या’ धरून चौकोनी गाठी मारा. इथे दोन्ही टोकं एकाच रंगाची आहेत, म्हणून एका टोकाला सेलोटेपचा तुकडा लावा. टेप लावलेलं टोक आपली ‘लाल’.

दोन गाठी झाल्या की थांबा. एका बाजूच्या काळ्या दोऱ्या ओढून पाहा.

किंचित अडत सरकल्या तर ताण बरोबर आहे.
अजिबात सरकल्या नाहीत तर गाठी फार आवळल्या आहेत. सोडा, पुन्हा मारा.
सहज घसरल्या तर गाठी सैल आहेत, किंवा काळी दोरी जास्तच गुळगुळीत आहे. किंचित आवळून पाहा.

ताण जमला की एकूण पाच गाठी करा, साधारण दीड सें.मी. लांबी होते. शिवणदोरे कापून काढा.

या गाठीची टोकं बंद करताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. वितळलेलं नायलॉन किंवा गोंदाचा थेंब काळ्या दोऱ्यांवर गेला की सरकती गाठ कायमची बसली. म्हणून टोकं आतल्या बाजूला, गाठीच्या अंगावर दाबून बंद करा. दोन्ही टोकं एकदम न घेता एकेक करा. सुती दोरीला इथे गोंद लावायचा मोह आवरा. सुईने टोक गाठींखालून दोनदा ओवलंत तरी ते पुरेसं धरतं.

१०. शेपटं

सरकती गाठ मधोमध ठेवून ब्रेसलेट उघडा. आपल्या मापात प्रत्येक बाजूची शेपटी पट्टीच्या टोकापासून ६ सें.मी. ठेवली की ब्रेसलेट उघडून साडेबावीस सें.मी.पर्यंत मोठं होतं. पंजाचं माप याहून लहान असेल तर काम झालं. पंजा रुंद असेल तर शेपटी एखादा सें.मी. वाढवा. काळ्या दोऱ्या आपण त्यासाठीच लांब ठेवल्या आहेत.

प्रत्येक बाजूच्या दोन्ही काळ्या दोऱ्यांवर मिळून एक मणी ओवा आणि ६ सें.मी.वर साधी गाठ घट्ट मारा. गाठ मण्याच्या भोकातून सुटत नाही ना ते ओढून बघा. सुटत असेल तर त्याच जागी आणखी एक गाठ मारा. मगच खालचं टोक कापा, आणि वितळवून किंवा गोंदाने बंद करा. हा मणी नुसता शोभेचा नाही, शेपटी सरकत्या गाठीतून निसटू नये म्हणून तो अडसर आहे.

तपासा: ब्रेसलेट घाला, काढा, पुन्हा घाला. दोन्ही शेपट्या ओढल्या की मनगटावर बसतं आणि पट्टी धरून सरकती गाठ मागेपुढे केली की उघडतं, एवढं झालं की पुरे.

नंतर एवढंच बघा

पहिले दोन दिवस घालून वावरा, मग मागची टोकं पुन्हा पाहा. नायलॉनचं वितळलेलं टोक कधी कधी कातडीला टोचतं. नखांच्या कानशीने हलकं घासलं की जातं. मेण लावलेल्या दोरीवरचं जास्तीचं मेण अंगठ्याने घासून काढा, नाहीतर त्यावर धूळ बसून पांढरी दोरी मळकट दिसते. अंघोळीला, पोहायला जाताना लाकडी मण्यांचं ब्रेसलेट काढून ठेवा. लाकूड पाण्याने फुगतं, आणि सुती दोरी ओली झाली की आकसते. भिजलंच तर कोरड्या टॉवेलवर सपाट ठेवून सावलीत वाळवा, उन्हात रंग उडतो.

दुसरं ब्रेसलेट करताना मात्र लाल-पांढरी सोडून एकाच रंगात विणून बघा, टेप लावलेलं टोक ‘लाल’ धरून. राखी करायची असेल तर सातऐवजी तीन मणी घ्या, बाजूला चार-चार गाठी, आणि सरकत्या गाठीऐवजी काळ्या दोऱ्या तशाच लांब सोडून द्या, म्हणजे मनगटावर बांधता येतील.